‘नको’, ‘नये’, ‘नव्हे’, ‘नाही’ : पुनरारंभित कपि-चित्रमालेतील नकाराचे व्याकरण

एकदा सांगून संपलेले आख्यान पुन्हा मुळापासून सांगावयास घेणे ही गोष्ट मराठी श्रोत्यांस नवी नाही. कीर्तनकार उत्तररंगात जे आख्यान लावतो ते श्रोत्यांस आधीच ठाऊक असते. उत्सुकता कथेच्या शेवटाची नसते, तर यंदाचा कथेकरी कोठे थांबतो आणि कोणत्या शब्दावर भर देतो, याची असते. चित्रपटसृष्टीत या व्यवहारास ‘रीबूट’ असे यंत्रशाळेतील नाव पडले आहे. त्यास ‘पुनरारंभ’ म्हणावयास हरकत नसावी. पुनरारंभाचे बहुतेक प्रयत्न व्यापारी गरजेतून जन्मतात आणि त्या गरजेपलीकडे जात नाहीत. या नियमास जे थोडे अपवाद आहेत त्यांत ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या विज्ञानकथात्मक चित्रमालेच्या, २०११ साली सुरू झालेल्या, दुसऱ्या जन्माची गणना करावी लागेल. रूपर्ट वायट यांचा ‘राइज’ (२०११), मॅट रीव्ह्ज यांचे ‘डॉन’ (२०१४) व ‘वॉर’ (२०१७) हे तीन चित्रपट मिळून एक पूर्ण आख्यान होते. वेस बॉल यांचा ‘किंगडम’ (२०२४) त्याचा पुढचा अध्याय होय.

या चित्रपटांचे चाहते प्रथम त्यांच्या दृश्यकौशल्याची वाखाणणी करतात, आणि ती अस्थानी नाही. अँडी सर्किस या नटाच्या मुद्रा व हालचाली संगणकाने टिपून त्यांवर चिंपांझीचा देह चढविण्याचे काम वेटा या न्यूझीलंडमधील संस्थेने असे काही केले आहे की, सीझर हा नायक पडद्यावर आला म्हणजे काही क्षणांतच तंत्राचा विसर पडतो. परंतु तंत्र जुने होते. आज थक्क करणारे दृश्य आणखी दहा वर्षांनी बालिश वाटण्याचा संभव आहे. या चित्रमालेत टिकाऊ असे जे आहे ते तिच्या भाषाविषयक कल्पनेत आहे, आणि तिकडे चाहत्यांचे व परीक्षकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. त्या कल्पनेची पूर्ण ओळख इंग्रजी कानापेक्षा देगलूरसारख्या सीमेवरील गावच्या कानास अधिक सहज पटावी, असे मानण्यास आधार आहे. तो पुढे दिला आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘एप’ या शब्दास मराठी बोलीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘माकड’ आणि ‘वानर’ हे दोन्ही शेपटीवाले प्राणी. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान हे बिनशेपटीचे. देगलूरच्या बाजारात कानी पडणारा तेलुगूतला ‘कोति’ हा शब्दही, कन्नडमधील त्याच रूपाच्या शब्दाप्रमाणे, माकडाचाच वाचक आहे. म्हणून येथे ‘कपी’ हा पारिभाषिक शब्द योजिला आहे. ‘वानर’ शब्दाची ‘वा नर’, म्हणजे ‘हा नर तर नव्हे?’ अशी जी लौकिक व्युत्पत्ती सांगितली जाते ती शास्त्रशुद्ध नसली तरी या चित्रपटांच्या आशयाशी तिचे नाते जवळचे आहे.

मूळ कथा प्येर बूल या फ्रेंच लेखकाची. त्याच्या १९६३ च्या कादंबरीत दुसऱ्या ग्रहावर उतरलेल्या नायकास कपींची भाषा परकी असते, ती त्याला शिकावी लागते. फ्रँकलिन शॅफ्नर यांनी १९६८ साली काढलेल्या पहिल्या चित्रपटात ही अडचण दूर सारण्यात आली. तेथील कपी सरळ इंग्रजी बोलतात आणि टेलर या अंतराळवीरास त्याचे नवल वाटत नाही. भाषाभ्यासकास ही गोष्ट खटकते, पण ती निव्वळ सोय नव्हे. कथेच्या अखेरीस उलगडणारे रहस्य या इंग्रजीत आरंभापासून लपलेले आहे आणि नायकाच्या ते ध्यानात येत नाही. त्याच चित्रपटात टेलरच्या गळ्याला गोळी लागल्यामुळे बराच काळ त्याची वाचा गेलेली असते. तो मुक्या माणसांच्या कळपात एक मुका म्हणून कोंडला जातो. वाळूत उमटलेली अक्षरे डॉ. झेअस हा विद्वान ओरांगउटान काठीने पुसून टाकतो, कारण माणसास लिहिता येते हे सत्य त्याच्या शास्त्राला परवडणारे नसते. पुढे टेलर बोलतो तेव्हा कपींचा जमाव स्तब्ध होतो. पुनरारंभाने हेच दृश्य उलटे करून घेतले आहे.

ते कसे हे पाहण्यापूर्वी एका सांस्कृतिक भेदाकडे लक्ष वेधणे जरूर आहे. कपीने तोंड उघडून शब्द उच्चारला की पाश्चात्त्य प्रेक्षक हादरतो. मराठी प्रेक्षक तितका हादरत नाही. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडात राम-लक्ष्मणांच्या प्रथम भेटीस आलेल्या हनुमंताचे भाषण ऐकून राम त्याच्या व्याकरणज्ञानाची स्तुती करतो. एकही शब्द अपशब्द नाही, असा तो निर्वाळा आहे. व्याकरणशुद्ध बोलणारा वानर ज्या परंपरेत पूज्य आहे, तेथे बोलणे हाच चमत्कार राहत नाही. मग नवे काय उरते? नवे उरते ते बोलण्याचे प्रयोजन. हनुमंताची वाणी दूताची आहे. दुसऱ्याचा निरोप अचूक पोचविणे हे तिचे वैभव, आणि सेवा हा तिचा धर्म. सीझरची वाणी नकारापासून सुरू होते. आपल्या परंपरेतील बोलत्या वानराशी ताडून पाहिल्याशिवाय त्या नकाराचे वजन नीट कळत नाही.

हा नकार मुळात २०११ च्या लेखकांचा नव्हे. जुन्या मालेतील तिसऱ्या चित्रपटात (१९७१) कॉर्नेलियस हा चिंपांझी आपल्या जातीचा इतिहास सांगताना, गुलाम कपींपैकी आल्डो नावाच्या एकाने प्रथम मानवी वाणीने ‘नो’ हा शब्द उच्चारला, असे नमूद करतो. चौथ्या चित्रपटाच्या (१९७२) अखेरीस लिसा ही चिंपांझी मादी तोच शब्द उच्चारून सूड आवरते. म्हणजे जुन्या मालेत तो शब्द एकदा दंतकथा म्हणून येतो आणि एकदा दयेची विनवणी म्हणून. पुनरारंभाने तो उचलून आख्यानाच्या ऐन मध्यावर ठेवला आणि त्याच्यापाशी पोचण्यासाठी तासाहून अधिक काळ नायकास वाचाहीन ठेवले. ही संयोजना उच्च प्रतीची आहे.

मात्र वाचाहीन म्हणजे भाषाहीन नव्हे. हा विवेक चित्रपटाने आरंभापासून सांभाळला आहे. सीझर खुणांची भाषा जाणतो. कोंडवाड्यातील मॉरिस हा ओरांगउटान सर्कशीत शिकलेल्या खुणांनी त्याच्याशी बोलतो. या कल्पनेमागे विसाव्या शतकातील प्रयोगांचा इतिहास उभा आहे. कीथ व कॅथरिन हेज या दांपत्याने व्हिकी नावाच्या चिंपांझीस घरात मुलीसारखे वाढविले. वर्षानुवर्षांच्या खटाटोपानंतर तिला चारच शब्द, तेही अस्पष्ट, उच्चारता आले. १९६६ पासून गार्डनर दांपत्याने वाशो या चिंपांझीस अमेरिकन खुणाभाषा शिकविण्यास आरंभ केला आणि यश बरेच अधिक आले. पुढे हर्बर्ट टेरेस यांनी निम नावाच्या चिंपांझीवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाला. निम खुणा करीत होता, परंतु वाक्ये रचीत नव्हता, आणि त्याच्या खुणांचा मोठा भाग शिक्षकांच्या खुणांची पुनरुक्ती होता, असा तो निराशाजनक निष्कर्ष होता. घराघरांतून हलविला गेलेला आणि शेवटी पिंजऱ्यात गेलेला हा निम २०११ साली एका अनुबोधपटाचा विषय झाला. सीझरचा चित्रपटही त्याच वर्षीचा. माणसाच्या घरात वाढून मग कोंडवाड्यात टाकल्या गेलेल्या सीझरची कथा पाहताना निमचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

व्हिकीच्या अपयशाचे खापर पूर्वी कंठाच्या घडणीवर फोडले जाई. टेकुमसेह फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माकडांच्या स्वरमार्गाचे मापन करून दाखविले की, घडण बोलण्यास बरीचशी अनुकूल आहे. उणीव आहे ती त्या मार्गावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूत. चित्रपटातील औषध सीझरच्या मेंदूवरच परिणाम करते. कथाकारांचा हा अंदाज शास्त्राच्या पाच वर्षे पुढे निघाला, असे म्हणता येईल. अर्थात तो अंदाजच होता. त्याच औषधाच्या योगाने ज्याची स्मृती काही काळ परत येते आणि पुन्हा ढासळते असा वृद्ध पिता घरात, आणि ज्याची भाषा फुलत जाते असे कपिबालकही त्याच घरात. दोघांना एका जेवणाच्या टेबलापाशी बसविणे ही या चित्रपटातील सर्वांत हृद्य योजना होय.

आता त्या शब्दाकडे वळू. सॅन ब्रुनो येथील कोंडवाड्याचा रखवालदार विजेचा दंडुका उगारतो, सीझर त्याचा हात धरतो, आणि त्याच्या तोंडून ‘नो’ निघतो. इंग्रजी प्रेक्षकास एक अक्षर ऐकू येते. या एका अक्षरात किती अर्थ दडले आहेत? ‘मला मारू नकोस’ हा निषेध त्यात आहे. ‘हे मला नको’ हा अव्हेर आहे. ‘तू समजतोस तो मी नव्हे’ हे खंडनही आहे. बालभाषेच्या अभ्यासक लोइस ब्लूम यांनी १९७० साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या नकाराचे तीन प्रकार पाडले : वस्तूचा अभाव, वस्तूचा अव्हेर आणि विधानाचे खंडन. इंग्रजी मूल आरंभी हे तिन्ही अर्थ एकाच ‘नो’ने भागविते. ते वेगळे करण्यासाठी अभ्यासकास प्रसंग पाहावा लागतो.

देगलूरच्या मुलास तसे करावे लागत नाही. हा तालुका नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास आहे; पूर्वेस तेलंगण, दक्षिणेस कर्नाटकाचा बीदर जिल्हा. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात व पुढे त्याच नावाच्या राज्यात होता. राज्यपुनर्रचनेच्या वेळी देगलूर तालुक्यातीलच बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली व उरलेला तालुका मुंबई राज्यात आला. रेघ जमिनीवर पडली. बोलण्यावर ती तितकी नीट पडली नाही. तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन मंदिरे व कन्नड शिलालेख आहेत. त्या गावाचे जुने नाव ‘पोट्टल’ असे आढळते, आणि जुन्या कन्नडातील शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ होतो हा नियम ज्यास ठाऊक आहे त्यास आजच्या मराठी गावाच्या नावात एक कन्नड ध्वनिपरिवर्तन शाबूत दिसेल. बाजारात आजही मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार बोलींची ये-जा चालते.

या चारांपैकी तिघींत नकाराचे तीन शब्द निरनिराळे आहेत. मराठीत अभावास ‘नाही’, अव्हेरास ‘नको’, खंडनास ‘नव्हे’. तेलुगूत अनुक्रमे ‘लेदु’, ‘वद्दु’, ‘कादु’. कन्नडात ‘इल्ल’, ‘बेड’, ‘अल्ल’. ‘पाहिजे’ आणि ‘नको’ ही मराठी जोडी तेलुगूतील ‘कावालि’–‘वद्दु’ व कन्नडातील ‘बेकु’–‘बेड’ या जोड्यांशी जशी तंतोतंत जुळते, तशी ती हिंदीशी जुळत नाही. हिंदी ‘चाहिए’चा नकार ‘नहीं चाहिए’ एवढाच करते. तिचा ‘मत’ क्रियापदाच्या आश्रयाने राहतो. दखनीने मात्र मराठीचा ‘नको’ उचलून ‘नक्को’ असा आपलासा केला आहे आणि ती हैदराबादेपर्यंत तोच वापरते. मराठीने आणखी एक पायरी चढून ‘नये’ हा चौथा शब्द राखला आहे, आणि तो विधिनियमाचा आहे. ‘जाऊ नकोस’ हे एका माणसाने दुसऱ्यास सांगणे. ‘जाऊ नये’ हे कोणी कोणासच न सांगता सर्वांस लागू होणारे. ज्या कानाला हे चार शब्द रोज वेगळे ऐकावयाची सवय आहे, त्याने सीझरची चित्रत्रयी ऐकली तर तिची रचना त्याच्यापुढे निराळीच उभी राहते.

पहिल्या चित्रपटातील नकार हा ‘नको’ आहे. त्यात समोरचा माणूस आहे, त्याचा उगारलेला हात आहे, आणि नकार त्या दोघांपुरताच आहे. येथे एक शंका निघेल. मराठी ‘नको’त विनवणीची छटा असते, ‘नको, नको’ असे तर मार खाणाराही म्हणतो. मग सीझरचा गर्जनारूप नकार ‘नको’ कसा? उत्तर असे की, ती छटा आहे म्हणूनच तो ‘नको’. आजवर जो प्राणी खुणेने फार तर विनवणीच करू शकत होता, त्याच्या तोंडी विनवणीचाच शब्द आज्ञा होऊन येतो. ‘नाही’ म्हटले असते तर ते एखाद्या प्रश्नाचे उत्तर वाटले असते, आणि सीझरला कोणीही प्रश्न विचारलेला नाही. याच चित्रपटाच्या अखेरीस तो आपल्या पालकाच्या कानाशी आपण घरीच आहोत असे सांगतो, पण ‘मी’ न म्हणता स्वतःचे नाव घेऊन. लहान मुले असे बोलतात. ‘नको’ आले आहे, ‘मी’ अजून यावयाचा आहे. हा क्रम बालभाषेच्या निरीक्षकास ओळखीचा वाटेल.

दुसऱ्या चित्रपटात समाज आहे, म्हणून तेथे ‘नये’ येतो. जंगलातील वसाहतीत मॉरिस पोरांना अक्षरे शिकवितो, आणि भिंतीवर पहिला नियम असतो तो कपीने कपीस मारू नये हा. आता सीझर ‘मी’ म्हणू लागला आहे. आपण कपीस माणसापेक्षा नेहमीच चांगले मानत आलो, पण आता दोघे किती सारखे आहेत हे दिसते, ही कबुली तो प्रथम पुरुषातच देतो. कोबा हा प्रयोगशाळेत छळ सोसलेला कपी बंड करतो, रक्तपात घडवितो, आणि शेवटी उंच मनोऱ्यावरून लोंबकळत असताना त्याच नियमाचा आधार मागतो. सीझर उत्तरतो की, तू कपी नव्हेस. आणि हात सोडतो. हा ‘नव्हे’ या त्रयीचा कणा आहे. नियम मोडला गेला नाही, कारण ज्यास मारले तो नियमाच्या व्याख्येतूनच काढला गेला. ‘नये’चा गळा ‘नव्हे’ने घोटला. इंग्रजीत येथेही ‘नॉट’ आणि तेथेही ‘नॉट’; त्यामुळे एका नकाराने दुसऱ्यास कसे पोखरले हे कानास जाणवत नाही. मराठीत तो घाव ऐकू येतो. प्रेक्षागृहात या क्षणी टाळ्या पडतात. चित्रपट मात्र टाळ्यांत सामील होत नाही. पुढल्या भागात सीझरला कोबाची भुते दिसतात, ती या वाक्याबद्दलचीच.

तिसऱ्या चित्रपटात हेच ‘नव्हे’ शत्रूच्या तोंडी जाते. कपींच्या तापाचा विषाणू बदलतो आणि माणसांची वाचा जाऊ लागते. कर्नल हा सेनापती अशा रोग्यांस, स्वतःच्या मुलासकट, ठार करतो. त्याचा युक्तिवाद साधा आहे : ज्याची वाचा गेली तो माणूस नव्हे. विल्यम स्टोकी यांनी १९६० साली खुणाभाषेस स्वतःची घडण आणि स्वतःचे घटक आहेत हे दाखवून दिले, तेव्हापासून वाणी आणि भाषा यांचा अभेद मानणे भाषाशास्त्रास शक्य राहिलेले नाही. कर्नलचे शास्त्र त्यापूर्वीचे आहे. चित्रपट त्याच्या युक्तिवादास वादाने उत्तर देत नाही; एक मुकी मुलगी त्याच्यासमोर ठेवतो. कपींच्या सोबतीने ती खुणा शिकते. मॉरिस तिला नाव देतो तेही एका मोटारीच्या सुट्या झालेल्या नावपट्टीवरून, ‘नोव्हा’. तिची वाचा ‘नाही’, भाषा आहे. अभाववाचक नकाराचा हा प्रांत, आणि तिसरा चित्रपट सगळाच अभावाचा आहे : बायको नाही, मुलगा नाही, आवाज नाही. कर्नलचा शेवटही तसाच. वाचा गेलेल्या त्या माणसास मृत्यूची याचनाही शब्दांनी करता येत नाही, आणि सीझर त्याला ‘नको’ म्हणत नाही, ‘नव्हे’ही म्हणत नाही.

कर्नलचा युक्तिवाद परदेशी युद्धपटापुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. घरी तेलुगू, कन्नड, गोरमाटी वा दखनी बोलणारे मूल मराठी शाळेत पहिल्या वर्षी गप्प बसते आणि मंद ठरते. हा अनुभव सीमेवरील कोणत्याही शिक्षकास सांगावा लागत नाही. त्या मुलास भाषा नाही असा शेरा मारणारा शिक्षक क्रूर नसतो. त्याची व्याख्या तेवढी चुकलेली असते.

या भागातील विदूषक ‘बॅड एप’ याच्याविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण भाषिक कल्पकतेत तो सर्वांवर मात करतो. प्राणिसंग्रहालयात एकटा राहिलेला हा चिंपांझी रखवालदारांचे ऐकून ऐकून बोलावयास शिकला. ते त्याच्यावर जे शब्द ओरडत, तेच आपले नाव असे त्याने धरले. शिवीची संज्ञा झाली, आणि ती ज्याला मिळाली तो ती निर्मळ मनाने सांगत फिरतो. जातिनामे व आडनावे यांच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास यात हसण्याइतकेच विचार करण्याजोगे आहे.

इतके झाल्यावर एक उणेही मांडले पाहिजे, आणि ते लहान नाही. १९६८ च्या चित्रपटातील सर्वांत वाक्‌पटू पात्र झिरा ही संशोधक चिंपांझीण होती. टेलरच्या बुद्धीची पहिली साक्ष तिने दिली. १९७२ मध्ये इतिहास पालटणारा शब्द लिसेच्या मुखी होता. पुनरारंभाने तो शब्द नायकास दिला आणि बदली काहीही परत केले नाही. सीझरची पत्नी कॉर्नेलिया पहिल्या भागात ओझरती दिसते, दुसऱ्यात आजारी असते आणि तिसऱ्यात लवकरच मारली जाते. तिन्ही चित्रपटांत भाषा मिळविणाऱ्या समाजाचे चित्र आहे, पण त्यातील अर्ध्या समाजाचे बोलणे प्रेक्षकाच्या कानी जवळजवळ पडतच नाही. एरवी शिक्षणात आईची भाषा प्रथम असते हे सामान्य ज्ञान. मॉरिसच्या शाळेत बसलेल्या पोरांच्या आया कोणत्या खुणांनी बोलतात हे दाखविण्याची बुद्धी दिग्दर्शकांस झाली नाही. मुकेपणाविषयी इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या कलाकृतीत हा मुकेपणा नजरेआड राहावा, हे नवल होय.

२०२४ चा ‘किंगडम’ सीझरनंतर अनेक पिढ्यांनी घडतो. दृश्यांत तो उणा नाही, पण मध्यभागी सैल आहे. गरुड पाळणाऱ्या टोळीच्या दिनचर्येवर तो नको तितका रेंगाळतो. त्याचे खरे बळ सीझरच्या वचनांचे पुढे काय झाले हे सांगण्यात आहे. पहिल्या चित्रपटात सीझर एक काडी मोडून व मग काड्यांची जुडी न मोडता दाखवून मॉरिसला एकीचे बळ समजावितो. म्हाताऱ्याने आपल्या मुलांस काटक्यांची मोळी दिल्याची गोष्ट मराठी शाळेतील मुलांसही पाठ असते. तेव्हा ती खूण कोंडवाड्यातील दुर्बलांची होती. ‘किंगडम’मध्ये तीच घोषणा प्रॉक्सिमस नावाचा राजा गुलामांकडून म्हणवून घेतो. शब्द तेच, क्रम तोच. बोलणारा बदलला आणि अर्थ उलटला. राका हा वृद्ध ओरांगउटान मूळ अर्थ सांगत एकटा फिरतो. संप्रदायांच्या इतिहासात मूळ पुरुषाच्या वचनाची अशी दोन घराणी होणे नवीन नाही.

हा चित्रपट भारतात इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत दाखविण्यात आला; मराठीत नाही. देगलूरच्या प्रेक्षकास एका बाजूने हिंदी व दुसऱ्या बाजूने तेलुगू मिळते. तेलुगू रूपांतरकारास प्रत्येक ‘नो’पाशी तीन शब्दांतून एक निवडावा लागतो, हिंदी रूपांतरकाराचे बहुतेक ठिकाणी ‘नहीं’ने भागते. मराठी रूपांतर कोणी करावयास घेतले तर पहिल्या चित्रपटासाठी ‘नको’ आणि कोबाच्या प्रसंगासाठी ‘नव्हेस’ ही निवड त्यास सोपी जाईल; ‘नव्हेस’ शहरी बोलण्यातून उतरत चालला असला तरी खेड्यांतील ‘न्हवं’मध्ये तो जिवंत आहे. अडचण येईल ती २०२४ च्या एका क्षणापाशी. मुकी समजली गेलेली, राकाने परंपरेने ‘नोव्हा’ असेच नाव ठेवलेली तरुणी घोडेस्वारांच्या हल्ल्यात सापडते आणि प्रथमच तोंड उघडते. ती नकार देत नाही, साद घालते. तिने हाक मारलेल्या तरुण कपीचे नाव ‘नोआ’ आहे, आणि इंग्रजी कानास त्या नावाचे पहिले अक्षर ऐकू येते तेव्हा ते क्षणभर सीझरचेच अक्षर असते. मराठी रूपांतरात सीझर ‘नको’ म्हणालेला असेल. हाक मात्र ‘नोआ’ अशीच राहील.